आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र: 'आता बरं वाटतंय ना' म्हणून घरी पाठवू नका

कराड तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांत दवाखाना चालवणाऱ्या सगळ्या डॉक्टरसाहेबांना आणि डॉक्टर मॅडमना सप्रेम नमस्कार.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वर्गातली पोरं तुमच्याच दवाखान्यात येतात, ताप, जुलाब, कान फुटणं, कुत्रं चावणं, सगळं तुम्हीच बघता, आणि रात्री दोनला दार वाजवलं तरी तुमच्यातले बरेच जण उठून येतात हे मला माहितीये. त्यामुळे आधीच सांगते की हे पत्र तक्रार म्हणून लिहीत नाहीये, यात कुणाचं नाव नाही आणि कुणी विचारलं तरी मी सांगणार नाही. मला एकच गोष्ट, अर्धांगवायूचा जो झटका थोड्या वेळात आपोआप बरा होतो त्याबद्दलची, तुमच्या कानावर घालायचीये आणि ती नीट सांगायची तर आमच्या घरी काय झालं तिथून सुरुवात करावी लागेल, जरा लांबलं तर समजून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वय ६४. साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क होते, रिटायर झाल्यावर शेती आणि भजनी मंडळ. बीपी दहा वर्षांपासून, गोळी आठवणीत असेल तेव्हा घ्यायचे. तंबाखू मात्र कधी विसरले नाहीत.

गेल्या एप्रिलमधला सोमवार, गावची यात्रा चार दिवसांवर आलेली. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला अप्पा सोप्यात बसून तंबाखू मळत होते. डाव्या तळहातावर तंबाखू, उजवा अंगठा फिरतोय, चुन्याची डबी मांडीवर. आई समोर लसूण सोलत होती. ती सांगते की अंगठा मधेच थांबला. म्हणजे त्यांनी थांबवला नाही, तो थांबला. मग डबी मांडीवरून घरंगळली आणि अप्पा त्या डबीकडे नुसते बघत राहिले, दुसऱ्या कुणाची वस्तू पडल्यासारखे. आईने विचारलं काय झालं, तर ते बोलले काहीतरी पण त्यात शब्दच नव्हते, नुसता आवाज, आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. आईने शेजारी हाक मारली, शेजारचे धावत आले, खाटेवर टेकवलं, पाणी पाजायला गेले तर ते ओठातनं बाहेर आलं. आणि मग जसं आलं तसंच गेलं. अप्पा उठून बसले, म्हणाले "काय गर्दी केलीय?" आणि डबी उचलून परत तंबाखू मळायला घेतली, त्याच अंगठ्याने. आईने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं, सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं.

तरी आई त्यांना सात वाजता दवाखान्यात घेऊन गेलीच. आत गेल्यावर आई जे बोलली ते मी तिच्याच शब्दात लिहिते कारण माझ्या मते अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ती म्हणाली, "डॉक्टर, ह्यांच्या अंगावरनं वारं गेल्यागत झालं, आन मग गेलं बी."

तपासलं तेव्हा अप्पा ठणठणीत. हात वर केले, चालून दाखवलं, यात्रेच्या गप्पा मारल्या. बीपी १७०/१००. ऊन फार आहे, अशक्तपणा आहे, थोडी धावपळ कमी करा, असं म्हणून एक सलाईन लावलं, एक ताकदीचं इंजेक्शन, बीपीची गोळी वेळेवर घ्यायला सांगितली आणि "आता बरं वाटतंय ना? मग काळजी करू नका" म्हणून घरी पाठवलं. मला रात्री आईचा फोन आला. मी काय म्हणाले माहितीये का, मी म्हणाले की झोपू दे त्यांना, यात्रेला आले की बघते. मी बी.एड. झालेली बाई, रोज पेपर वाचते, मोबाईलवर दुनियेभरचं बघते, आणि मला हे कळलं नाही. म्हणून तुमच्याकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही, पण सांगायचा आहे.

बुधवारी पहाटे पाचला आई उठली तर अप्पा मोरीच्या दारात पडलेले. उजवा हात, उजवा पाय, तोंड, सगळं गेलेलं. सोमवारची संध्याकाळ ते बुधवारची पहाट, म्हणजे छत्तीस तासही झाले नव्हते. कराडला नेलं, सीटी स्कॅन झाला, पण गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि अप्पा शेवटचे धड कधी दिसले होते तर रात्री दहाला, अंथरुणावर पडताना. मग कधी सुरू झालं हे कुणाला सांगता येणार? इंजेक्शन दिलं नाही.

आयसीयूच्या बाहेर न्यूरोचे डॉक्टर हातात कागद घेऊन आईला एकेक विचारत होते, बीपी आहे का, शुगर आहे का, तंबाखू का, आणि मग म्हणाले, "आजी, याच्या आधी कधी असं थोडा वेळ होऊन बरं झालं होतं का?" आई म्हणाली, "परवाच की." त्यांचं पेन थांबलं. ते आम्हाला काहीच बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यावरून मला कळलं की सोमवारी काहीतरी हातातून निसटलंय. नंतर मीच त्यांच्या मागे लागले, ओपीडीबाहेर थांबून थांबून विचारलं, त्यांनी वेळ काढून सांगितलं, मग मी मिळेल ते वाचत गेले, कळलं नाही ते परत त्यांना विचारलं. पुढे जे लिहितेय ते असं गोळा केलेलं आहे. तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं असणारच, मी शिकवतेय असं समजू नका, फक्त संध्याकाळच्या साठ पेशंटच्या गर्दीत ते वर यावं एवढंच.

सोमवारी झालं त्याला टीआयए म्हणतात, ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक, कुणी मिनी स्ट्रोक म्हणतं, म्हणजे अर्धांगवायूचा छोटा झटका. मला ते मिनी अजिबात आवडत नाही कारण मिनी म्हटलं की माणूस निवांत होतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद पडतो आणि परत सुरू होतो. आमच्याकडे उसाला ठिबक आहे, मला ते तसंच समजलं. नळीत कचरा येऊन एखादं छिद्र बुजतं, पाण्याच्या दाबाने तो कचरा पुढे निघून जातो, थेंब परत पडायला लागतात. पण शेतकरी माणूस थेंब पडायला लागला म्हणून घरी जात नाही, तो फिल्टर उघडून बघतो, कारण कचरा जिथून आला तिथे अजून आहे. अप्पांचा फिल्टर म्हणजे मानेतली डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी. बुधवारनंतर डॉपलर, म्हणजे नसेची सोनोग्राफी केली तेव्हा ती ८० टक्के बंद निघाली. सोमवारीही ती तेवढीच बंद असणार, दोन दिवसांत थोडीच झाली.

डावी नस मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त देते आणि ती बाजू उजवं अंग आणि बोलणं चालवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं. सोमवारी जे बारा मिनिटं गेलं होतं तेच बुधवारी कायमचं गेलं, जागा तीच, माणूस तोच. म्हणजे शरीराने अगदी पत्ता देऊन सांगितलं होतं.

आणि हे एकट्या अप्पांचं नशीब खराब होतं असं नाहीये. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या १६ हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागात टीआयए म्हणून निदान झालेल्या १७०७ पेशंटचा अभ्यास २००० साली छापून आलाय. ९० दिवसांत त्यातल्या १८० जणांना पूर्ण स्ट्रोक आला, म्हणजे दर दहात एक. पण मला हादरवणारा आकडा पुढचा आहे, त्या १८० पैकी ९१ जणांना तो पहिल्या दोन दिवसांतच आला. निम्म्या लोकांना दोन दिवसांत! मी हे वाचलं तेव्हा शाळेची मधली सुट्टी होती, आणि मी वर्गात एकटीच बसून सोमवार, मंगळवार, बुधवार असं बोटांवर मोजत होते.

आता दुसरी बाजू, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. हे टाळता येतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अशीच पद्धत होती की टीआयएचा पेशंट आधी जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचा, तिथून चिठ्ठी, मग क्लिनिकची अपॉइंटमेंट, मग तिथून जीपीला पत्र की अमुक गोळ्या सुरू करा. यात दिवसच्या दिवस जायचे. मग त्यांनी ठरवलं की अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, त्याच दिवशी पाठवा, आम्ही त्याच दिवशी बघतो आणि तिथेच गोळ्या सुरू करतो. औषधं तीच, डॉक्टर तेच, फक्त उशीर काढून टाकला. ९० दिवसांत परत स्ट्रोक येण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. २००७ साली हे प्रसिद्ध झालंय, एक्स्प्रेस स्टडी म्हणून. नवीन मशीन नाही, महागडं इंजेक्शन नाही, नुसतं लवकर! आणि पहिली चिठ्ठी लिहिणारा तिथेही तुमच्यासारखा फॅमिली डॉक्टरच होता.

गोळ्यासुद्धा अशा की आपल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या. चीनमध्ये ५१७० पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०१३ साली छापून आली. टीआयए किंवा छोटा स्ट्रोक झाल्यापासून २४ तासांच्या आत दोन्ही गोळ्या मिळून सुरू केलेल्यांत ९० दिवसांत स्ट्रोक ८.२ टक्के, आणि एकट्या ॲस्पिरिनवाल्यांत ११.७ टक्के. दोन्ही गोळ्या एकत्र सुरुवातीचे तीन आठवडे, मग एकच, कारण जास्त दिवस दोन्ही चालवल्या तर रक्तस्राव वाढतो. त्यासोबत कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन, बीपीचा नीट बंदोबस्त, आणि नस बंद आहे का ते बघणं. मानेतली नस ७० टक्क्यांच्या वर अरुंद झालेली असेल तर ती उघडून साफ करायचं ऑपरेशन असतं, आणि ते दोन आठवड्यांच्या आत झालं तर फायदा जास्त. अप्पा या ऑपरेशनसाठी अगदी योग्य पेशंट होते, सोमवारी. बुधवारनंतर मेंदूचा एवढा मोठा भाग गेल्यावर त्यात वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं असं सांगितलं गेलं.

इथे एक गोष्ट घरच्या लोकांसाठी पण लिहिते, कारण हे पत्र फॉरवर्ड होत होत घरोघरी जाईल. हात-पाय, तोंड अजून वाकडं असताना घरात पडलेली ॲस्पिरिन तोंडात कोंबू नका. नस बंद झालीये का फुटलीये हे सीटी केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि फुटलेली असेल तर ॲस्पिरिनने घात होईल, शिवाय गिळता येत नसेल तर गोळी आणि पाणी श्वासनळीत जातं. आम्ही पाणी पाजायला गेलो होतो, तेही चुकीचंच. १०८ ला फोन करायचा आणि घड्याळात वेळ बघून ठेवायची, बास. लक्षणं पूर्ण गेलेली असतील तर ॲस्पिरिनचा निर्णय डॉक्टरांचा, बहुतेक वेळा ती लगेचच द्यायची असते, पण तो निर्णय तुमचा, मेव्हण्याचा नाही.

आणि डॉक्टर, जिभेखाली फोडून टाकायची ती बीपीची कॅप्सूल, निफेडिपिनची. काही ठिकाणी अजून देतात. बीपी १७० दिसलं की घरचेच मागे लागतात, लगेच उतरवा म्हणून. पण अशा वेळी बीपी धाडकन उतरवलं तर आधीच अरुंद झालेल्या नसेतून मेंदूला जे थोडंफार रक्त जातंय तेही कमी होतं. न्यूरोचे डॉक्टर म्हणाले की बीपी आणायचंच असतं खाली, पण दमादमाने.

आता मूळ अडचण. तुमच्यासमोर पेशंट येतो तेव्हा तो बरा झालेला असतो. हात चालतोय, बोलणं स्वच्छ, तुमच्या टॉर्चला आणि हातोडीला काही सापडत नाही. सीटी केला तरी तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. म्हणजे निदान सगळं त्या बारा मिनिटांच्या हकिगतीवर उभं आहे, आणि ती हकिगत पेशंटला सांगता येत नाही कारण त्याला ती धड आठवत नसते किंवा तो मुद्दाम उडवून लावतो, यात्रा जवळ आलेली असते, ऊस तोडणीला आलेला असतो, नातीचं लग्न असतं. हकिगत कुणाकडे असते तर समोर बसून लसूण सोलणाऱ्या बाईकडे. म्हणून माझी पहिली विनंती हीच आहे की ज्याने बघितलं त्याला आत बोलवा, खुर्ची द्या, आणि विचारा. अचानक झालं का? कुठली बाजू? तोंड कुठे ओघळलं? बोलणं अडखळत होतं का शब्दच चुकत होते? एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखं झालं का? किती मिनिटं? कुणी मोबाईलवर शूटिंग केलंय का?

आणि आपल्या बायका हे कसं सांगतात त्याकडे लक्ष द्या ना. "वारं गेल्यागत झालं." "जीभ जड झाली." "हातातलं भांडं सुटलं." "अर्धं अंग मेल्यागत झालं, मग मुंग्या आल्या आणि आलं जाग्यावर." आपल्याकडे अंगावरून वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू, हे पाळण्यातल्या पोराला पण माहितीये. मग वारं गेल्यागत झालं आणि बरं झालं, याचा अर्थ काय होतो? माझ्या आईने, चौथी शिकलेल्या बाईने, दवाखान्याच्या दारात उभं राहून एका वाक्यात टीआयएचं निदान सांगितलं होतं. ते इंग्रजीत नव्हतं म्हणून ऐकू आलं नाही असं मला राहून राहून वाटतं.

सगळ्या चकरा आणि सगळ्या मुंग्या म्हणजे टीआयए नव्हे हे मलाही कळतं. अर्धशिशीत पण डोळ्यापुढे चमकतं, फिटनंतर पण हात थोडा वेळ लुळा पडतो, आणि शुगर उतरली तर अगदी हुबेहूब असं होऊ शकतं, म्हणून बोटाला टोचून शुगर आधी बघायचीच. नुसती भोवळ येऊन पडला आणि बाकी काही नाही, तर बहुतेक ते वेगळं असतं. हे वेगळं काढणं तुमचं काम आणि ते तुम्ही करता. मी फक्त एवढं म्हणतेय की अचानक, एका बाजूचं, किंवा बोलणं गेलेलं, किंवा एका डोळ्याचं दिसणं गेलेलं असेल तर 'अशक्तपणा' हा शब्द चिठ्ठीवर लिहायच्या आधी एकदा थांबा. अशक्तपणा दोन्ही हातांना येतो हो. एकट्या उजव्या अंगठ्याला अशक्तपणा कसा येईल?

एक हिशोब आहे, एबीसीडी-टू स्कोर म्हणतात. वय ६० किंवा जास्त असेल तर १, बीपी १४०/९० किंवा वर असेल तर १, एका बाजूची कमजोरी असेल तर २, नुसतं बोलणं गेलं असेल तर १, लक्षणं तासभर किंवा जास्त टिकली तर २, दहा मिनिटं ते तास असेल तर १, डायबेटीस असेल तर १. जास्तीत जास्त सात. अप्पांचा मी नंतर काढला, वय एक, बीपी एक, हात दोन, बारा मिनिटं म्हणून एक, शुगर नाही. पाच. चार किंवा त्याच्या वर असेल तर धोका जास्त धरतात. त्यासाठी लागतं काय तर बीपीचं मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ, आणि त्या संध्याकाळी दोन्ही होतं. पण स्कोर कमी आला म्हणून घरी पाठवायचं असंही नाही, कारण मानेतली नस किती बंद आहे किंवा हृदय अनियमित चालतंय हे त्या स्कोरला दिसत नाही, आणि इंग्लंडच्या २०१९ च्या गाइडलाइनने तर सांगूनच टाकलंय की कुणाला आधी बघायचं हे ठरवायला असे स्कोर वापरू नका, सगळ्यांनाच लवकर बघा. हृदयावरून आठवलं, नाडी. तुमच्यातले बरेच जण बीएएमएस आहेत, नाडीवर बोट ठेवायची सवय तुम्हाला एमडीवाल्यांपेक्षा जास्त. ती नाडी कशीही उड्या मारत असेल तर ईसीजी काढा, कारण हृदयात गुठळी होऊन वर जात असेल तर औषधच वेगळं लागतं, रक्त पातळ करायचं, नुसत्या ॲस्पिरिनवर भागत नाही.

आणखी एक. तुमच्यातल्या जुन्या डॉक्टरांनी '२४ तासांच्या आत गेलं तर टीआयए' असं शिकलेलं असेल. ती व्याख्या आता मागे पडलीये. २००९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की घड्याळावर जाऊ नका, मेंदूला इजा झालीये का ते बघा. कारण लक्षणं पूर्ण गेलेल्या लोकांचा एमआरआय केला तर साधारण तिघांतल्या एकाच्या मेंदूत ताजी छोटी इजा दिसतेच. म्हणजे 'होऊन गेलं' असं आपण ज्याला म्हणतो ते कितीतरी वेळा पूर्ण गेलेलं नसतंच.

तुमच्या बाजूने काय काय अडचणी असतील ते मी बसून विचार केलाय, उगाच नाही लिहीत. पेशंट बरा असताना तुम्ही म्हणालात की आत्ताच्या आत्ता कराडला जा, तर घरचे तोंडाकडे बघणार. एमआरआयचे पैसे. गाडी कोण करणार. चार लोक म्हणणार की डॉक्टरचं मोठ्या हॉस्पिटलशी कट आहे, म्हणून पाठवतोय. हे असं बोलणारे लोक आहेत, मी नाही म्हणत नाही, मी स्वतः असं बोलणं ऐकून गप्प बसलेली आहे. पण डॉक्टर, अप्पांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, आईचं नाही, माझं नाही, तंबाखू सोडा म्हणून नातवाने चिठ्ठी लिहिली त्याचंही नाही. तुमचं मात्र ऐकायचे. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही सांगितलेलं पथ्य आठवडाभर घरात शब्दाशब्दाने पाळलं जायचं. तुम्ही त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाला असता की "अप्पा, हा झटका होता. आला आणि गेला, पण दोन दिवसांत मोठा येऊ शकतो. आज रात्री तपासण्या झाल्या तर बहुतेक वाचतो, नाही झाल्या तर हात जाईल आणि भजन जाईल", तर ते यात्रा टाकून गेले असते. भजन जाईल म्हटल्यावर तर नक्कीच.

म्हणून दुसरी विनंती, घाबरवा. आम्हाला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नका. "काळजी करू नका" हे वाक्य त्या दिवशी आम्हाला किती आवडलं होतं, आई फोनवर तेच दोनदा म्हणाली.

आणि चिठ्ठीवर नुसतं 'टू फिजिशियन' नको, मोबाईल उचलून पुढच्या डॉक्टरला फोन करा, टीआयए वाटतोय, इतक्या वाजता झाला, इतकी मिनिटं. हिमाचल प्रदेशात डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांत न्यूरोलॉजिस्ट नसताना तिथले डॉक्टर मोबाईलवर सीटीचे फोटो मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरोलॉजिस्टना पाठवून स्ट्रोकचं इंजेक्शन देतायत, कित्येक वर्षं झाली. आपल्याकडे तसले डोंगर नाहीत, हायवे आहे, तासाभरात कराड आहे.

बीपीबद्दल एकच सांगते. सरकारने बीपी कंट्रोलचा जो कार्यक्रम सुरू केला त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, आशाताई घरी येऊन सांगतात. अप्पांचं कार्ड पण होतं, कपाटात देवाच्या पोथ्यांखाली सापडलं. त्यावर पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी आणि पुढे कोरं. तुमच्याकडे सर्दीसाठी आलेल्या माणसाला सुद्धा "बीपीची गोळी आज घेतली का" एवढं विचारत चला, दुसऱ्या कुणी विचारलं की चिडतात.

अप्पा आता घरी आहेत. काठी घेऊन सोप्यापर्यंत येतात. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. गावातल्या लोकांनी काय काय सांगितलं, पारव्याचं रक्त चोळा, अमक्या गावाला औषध मिळतं, तेल लावतो तो माणूस आहे, आई दोन ठिकाणी घेऊनही गेली, मी अडवलं नाही, तिला काहीतरी करायचं होतं. फिजिओवाला आठवड्यातून तीनदा येतो त्याने पाय सुधारला. बोलणं नाही आलं. समजतं सगळं, डोळ्यात दिसतं, पण शब्द शोधायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात, मग चिडतात, मग रडतात. एकच गोष्ट येते. गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ आमच्याच सोप्यात बसतं, अप्पांसाठी म्हणून, आणि टाळ सुरू झाले की "राम कृष्ण हरी" त्यांच्या तोंडून अख्खं, स्वच्छ बाहेर पडतं. स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या की असं होतं, पाठ झालेलं आणि चालीतलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. टाळ थांबले की परत गप्प.

मी एक कागद तयार केलाय, एका पानाचा, मराठीत, वर ते अंगठ्याचं चित्र आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी काढून दिलंय. एका बाजूला पेशंटच्या नातेवाईकाला विचारायचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला तो स्कोर आणि खाली १०८. न्यूरोच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलाय, त्यांनी दोन चुका काढल्या त्या दुरुस्त केल्या. बीपीच्या मशीनशेजारी भिंतीला चिकटवता येईल एवढाच आहे. येत्या सोमवारपासून शाळा सुटल्यावर रोज दोन दवाखाने असं मी फिरणार आहे. पेशंट सोडून माझ्याशी बोलायची गरज नाही, मी रांगेत नंबर लावून बसेन, पाच मिनिटं द्या. आईला पण बरोबर आणणार आहे, सोमवारी काय झालं ते ती माझ्यापेक्षा नीट सांगते.

आपली,
अप्पांची मुलगी